सरांचं चरित्र लिहायचंय? जन्मतारीख नंतर बघू

जन्मशताब्दी जवळ आली की गावाला आपले सर आठवतात. स्मरणिकेची समिती बसते, चहा होतो आणि "चरित्र तुम्हीच लिहा" असं म्हणून एखाद्या तरुण मास्तराच्या गळ्यात काम पडतं. तो मास्तर मग वाचनालयात येतो. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतरही ते टेबल काही सुटलेलं नाही. साहित्यसंशोधकांच्या चरित्रनोंदी मी स्वतः लिहिते आणि लिहिणाऱ्यांना मदतही करते. आलेल्या माणसाच्या वहीत पहिलं वाक्य बहुतेक वेळा तयारच असतं: "सरांचा जन्म एका गरीब पण सुसंस्कृत कुटुंबात झाला." ते मी खोडायला लावते. ते खोटं असतं असं नाही, पण महाराष्ट्रातल्या निम्म्या सरांना ते जसंच्या तसं लागू पडतं.

साहित्याच्या संशोधकाचं आयुष्य बाहेरून अगदी सपाट दिसतं. घर, कॉलेज, ग्रंथालय, घर. फार तर एखादी बदली, एखादं संमेलन. जे घडलं ते कागदावर घडलं. म्हणून माझा पहिला सल्ला असा की जन्म, बालपण, शिक्षण हे सगळं बाजूला ठेवा आणि लेखनसूचीपासून सुरुवात करा. आयुष्य त्या सूचीतून बाहेर येतं. उलट्या दिशेने गेलात तर हाती गौरवलेख येईल, चरित्र येणार नाही.

आधी घरी जाऊन एवढं करा

सूचीला बसण्याआधी एकदा सरांच्या घरी जाऊन यायला हवं, कारण रद्दीवाला तुमच्यासाठी थांबत नाही. घर पाडून तिथे फ्लॅट व्हायचे असतील तर फारच घाई करा. घरच्यांना सांगायचं एवढंच: कागद आवरू नका, पुसू नका, "बिनकामाचे" म्हणून वेगळे काढू नका. प्रेमापोटी केलेली आवराआवर सगळ्यांत जास्त नुकसान करते. सुनेने दिवाळीला कपाट लावताना टाचणांचे गठ्ठे आकारानुसार रचले की कुठलं टाचण कुठल्या पुस्तकाचं हे कायमचं गेलं.

कपाटाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक फळीचा फोटो काढा. पुस्तकांचे कणे वाचता आले पाहिजेत. कुठलं पुस्तक कुठल्याच्या शेजारी होतं, यावरूनही सर त्या काळात काय करत होते ते कळतं. मग एकेक पुस्तक उघडा. पहिल्या कोऱ्या पानावर सही, गाव आणि तारीख असते. जुन्या पिढीला ती सवय होती. मधेमधे खुणेसाठी घातलेली एसटीची तिकिटं, लग्नपत्रिका, मनिऑर्डरच्या पावत्या असतात. त्या काढून "स्वच्छ" करू नका. पान क्रमांक लिहून पाकिटात ठेवा. समासातल्या पेन्सिलीच्या खुणांचे फोटो घ्या. एखाद्या ओवीपुढे नुसतं प्रश्नचिन्ह असतं आणि काही वर्षांनी छापलेला लेख त्याच ओवीवर असतो.

कागदांना स्टेपलर मारायचा नाही, चिकटपट्टी लावायची नाही, शाईच्या पेनाने आकडे घालायचे नाहीत. कसर लागलेली बाडं वेगळ्या खोक्यात. उन्हात वाळवत टाकू नका. पोथ्या रुमालात बांधलेल्या असतील तर गाठ सोडण्याआधी गाठीचाही फोटो घ्या, कारण रुमालाला लावलेल्या चिठ्ठीवर पोथी कुठून आणली ते लिहिलेलं असू शकतं.

सूची

एका लेखाला एक कार्ड. संगणकावर केलंत तरी हरकत नाही, पण नोंद एकेकटी हवी. शीर्षक, कुठे छापलं, वर्ष व अंक, पान, महिना, आणि लेखाखाली सही कशी आहे, हे सगळं जसं छापलंय तसं. पुस्तकं सगळ्यांना माहीत असतात. खरी शिकार मासिकांत असते: परीक्षणं, टिपणं, संपादकाला पत्रं, दुसऱ्यांच्या पुस्तकांना प्रस्तावना, आकाशवाणीवरची भाषणं. आणि गाईडं. घरचे ती लपवतात. "सरांनी गाईडं लिहिली हे कशाला?" असं विचारतात. लिहा. तुटपुंज्या पगारात पोथ्या बघायला गावोगाव हिंडण्याचा खर्च त्यातूनच निघाला असेल, तर ती संशोधनाच्या इतिहासातली नोंद आहे.

१९५० पर्यंतच्या पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची समोर घ्या. पहिला भाग १८०० ते १९३७ चा, दुसरा १९३८ ते १९५० चा. एका माणसाने जन्म घालवून केलेलं ते काम आहे. त्यात नोंद सापडली तरी मूळ पुस्तक हातात घेतल्याशिवाय कार्ड पक्कं करायचं नाही. मासिकांसाठी सरळ जुने अंक चाळावे लागतात. पुण्याला टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषद आहे, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय तर १८९३ चं. ते उभं करण्यात पुढाकार घेणारे वि. ल. भावे स्वतःच साहित्याच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक होते. जाण्याआधी फोन करा. अंक बांधणीला गेलेले असतात, माणूस रजेवर असतो.

तुमच्या गावच्या वाचनालयाला मात्र विसरू नका. तिथे दोन नोंदवह्या असतात, त्यांच्याकडे चरित्रकार कधी फिरकत नाहीत. एक ॲक्सेशन रजिस्टर. मुखपृष्ठ फाटून गेलेलं, साल नसलेलं पुस्तक वाचनालयात कधी दाखल झालं ते तिथे लिहिलेलं असतं. म्हणजे ते त्या तारखेच्या आधी छापलं गेलं, एवढं तरी पक्कं झालं. दुसरी देवघेव विभागाची वही. आमच्याकडे एका सरांच्या खात्यावर सबंध पावसाळाभर एकच पुस्तक पुन्हापुन्हा नूतन केलेलं होतं, आणि ते होतं कानडी व्याकरणाचं. घरात कुणालाच माहीत नव्हतं की ते कानडी शिकले. दोन वर्षांनंतरच्या त्यांच्या लेखात शिलालेखातल्या शब्दांची चर्चा आहे, ती कशी आली ते या वहीवरून उलगडलं.

कार्डं झाली की सालवार लावा, आणि शेजारी दुसरी रांग नोकरीची लावा. दोन रांगा शेजारी आल्या की प्रश्न आपोआप पडतात. महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक वि. भि. कोलत्यांचं उदाहरण घ्या. नागपूर विद्यापीठाचं कुलगुरुपद १९६६ ते १९७२. मधेच १९६७ ला भोपाळच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. आणि त्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरांच्या आठवणींचा जुना मराठी ग्रंथ, राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाकडून बाहेर आलं १९७८ ला. नुसतं "कुलगुरू झाले, लीळाचरित्र संपादित केलं" असं लिहिणारा माणूस या दोन ओळींमधला प्रश्नच चुकवतो: एवढ्या मोठ्या संहितेचं काम कधीपासून चाललं होतं, आणि कार्यालयात फायलींवर सह्या करण्याच्या काळात त्याचं काय झालं? तुमच्या सरांच्या रांगांतही अशी ठिकाणं निघतील. तीन वर्षं लेखांवर लेख, मग दोन वर्षं काहीच नाही, मग एकदम नवा विषय. तिथे बोट ठेवा आणि घरी जाऊन विचारा. बदली झाली? आजारपण? प्रबंधाच्या मार्गदर्शकाशी बिनसलं? मुलीचं लग्न? की नव्या गावात एखाद्या मठाचं कपाट उघडायला मिळालं?

सूची मृत्यूपाशी बंद करू नका. जुन्या मराठीचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे १९९४ साली गेले. ॲन फेल्डहाऊस यांच्याबरोबर केलेला त्यांचा जुन्या मराठीचा कोश छापून आला १९९९ ला. रा. चिं. ढेऱ्यांचं विठ्ठलावरचं पुस्तक १९८४ चं, त्याला साहित्य अकादमी पुरस्कार १९८७ चा, आणि इंग्रजी अनुवाद २०११ चा. पुरस्काराचं साल हेच पुस्तकाचं साल समजून लिहिणारे खूप आहेत, तेवढं सांभाळा.

आवृत्त्यांचंही तेच. भाव्यांचं मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचं पुस्तक 'महाराष्ट्र सारस्वत' आवृत्तीगणिक वाढत गेलं आणि पुढे तुळपुळ्यांनी त्याला पुरवणी जोडली. कुठलं मत कुठल्या आवृत्तीत पहिल्यांदा आलं हे न बघता "भाव्यांच्या मते" असं लिहिलं तर ते मत कधीकधी भाव्यांचं नसतंच.

तारखांची भानगड

१ जून. ही तारीख दिसली की मी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढते. शाळा जूनमध्ये भरायची, बाप पोराला घेऊन आला, जन्मतारीख माहीत नाही, हेडमास्तरांनी १ जून घातली आणि वय बसेल असं साल मागे मोजलं. गेल्या शतकातल्या गावाकडच्या किती पिढ्या कागदोपत्री १ जूनला जन्मल्या! शाळेचा दाखला आणि सेवापुस्तक दोन्हींत हीच तारीख असेल तर ते दोन पुरावे नव्हेत. सेवापुस्तकात ती दाखल्यावरूनच उतरवलेली असते. जन्मपत्रिका असेल तर बघा, बारशाची आठवण सांगणारी आत्या असेल तर तिला विचारा, आणि नोंदीत दोन्ही द्या: दाखल्यावरची अमुक, पत्रिकेवरून तमुक.

मग शक. जुन्या प्रस्तावनेखाली इसवी सन नसतो. समजा "माघ शु. ५, शके १८७४" असं आहे. बहुतेक जण ७८ मिळवतात आणि १९५२ लिहून मोकळे होतात. पण शक चैत्रात बदलतो आणि माघ येतो जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे इंग्रजी साल तोवर पुढे गेलेलं असतं. इथे ७९ मिळवायचे. ही वसंत पंचमी जानेवारी १९५३ ची. चैत्रापासून कार्तिकापर्यंत ७८, माघ-फाल्गुनाला ७९, आणि पौष मधोमध फसवतो, कधीकधी मार्गशीर्ष वद्यही. त्यांना त्या सालचं पंचांगच बघावं लागतं. एका वर्षाचा फरक क्षुल्लक वाटतो, पण दोन संशोधकांमध्ये "हे आधी कुणी दाखवलं" असा वाद असतो तेव्हा तो फरकच सगळं ठरवतो.

सरकारी प्रकाशनांत आणखी एक खाच आहे. २२ मार्च १९५७ पासून सरकारने राष्ट्रीय सौर पंचांग घेतलं. त्यातला पौष आपल्या पंचांगातला पौष नव्हे. तो २२ डिसेंबरला लागतो आणि ११ पौषला १ जानेवारी येतो. तिथे शुद्ध-वद्य नसतं, नुसता आकडा असतो. त्यावरून ओळखायचं.

मराठवाड्यातल्या सरांची कागदपत्रं बघताना फसली साल, म्हणजे जुनं महसुली साल, भेटेल. निजामाच्या राज्यातल्या फसलीत साधारण ५९० मिळवा: १३५० फसली म्हणजे १९४०-४१. गुणपत्रिका उर्दूत असेल, कारण उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम तेव्हा उर्दू होतं. गावातले जुने वकील किंवा मशिदीजवळचे एखादे मौलवीसाहेब वाचून देतात. आदराने विचारावं, कागदाची झेरॉक्स न्यावी, मूळ कागद हिंडवू नये.

विद्यापीठांच्या स्थापनेची सालं पाठच करून टाका, खोटी वाक्यं आपोआप गळतात. मुंबई १८५७, नागपूर १९२३, पुणे १९४९, मराठवाडा १९५८, शिवाजी १९६२, गोवा १९८५. "सरांनी १९५८ साली शिवाजी विद्यापीठातून एम. ए. केलं" हे मी एका छापील गौरविकेत वाचलंय. कोल्हापुरात शिकले म्हणजे पदवी शिवाजीचीच, असं गृहीत धरून कुणीतरी ठोकून दिलं होतं. पीएच.डी.ला तर चार तारखा असतात: प्रबंध सादर केला ती, तोंडी परीक्षेची, विद्यापीठाच्या अधिसूचनेची आणि पदवीदान समारंभाची. घरात भिंतीवर लावलेला फोटो शेवटचीचा असतो. तुम्ही कुठली दिली ते नोंदीत लिहा. प्रबंधाची प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात बघायला मिळते (पुण्याचं जयकर ग्रंथालय हे त्यांतलं), अलीकडचे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर असतात. प्रबंध हातात आला की ऋणनिर्देश आधी वाचा. कुणाचं नाव आहे हे जितकं महत्त्वाचं, तितकंच कुणाचं असायला हवं होतं आणि नाही, हेही.

नावं आणि गावं

मराठीत आद्याक्षरांनी नाव लिहायची पद्धत चरित्रकाराच्या मुळावर उठलेली आहे. वि. का. राजवाडे आणि वै. का. राजवाडे हे सख्खे भाऊ. धाकटे इतिहासाचार्य, थोरले निरुक्ताचे, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या ग्रंथाचे, पंडित. वडिलांचं नाव एक, आडनाव एक, एका वेलांटीचा आणि मात्रांचा फरक. कार्डावर घाईत उतरवलं की थोरल्याचं पुस्तक धाकट्याच्या नावावर गेलंच. म्हणून प्रत्येक कार्डावर पूर्ण नाव मिळवून लिहा. टोपणनावाने लिहिलेलं वेगळं शोधा. ज्ञानेश्वर एक नव्हे, दोन होते, असा वाद उठवणारे 'सुधारक' पत्रातले "भारद्वाज" म्हणजे शिवराम एकनाथ भारदे, हे आज माहीत आहे. तालुक्याच्या साप्ताहिकातला तुमचा "एक वाचक" किंवा "चिकित्सक" कोण, हे छापखान्याच्या जुन्या माणसाला विचारल्याशिवाय कळणार नाही.

बाई असतील तर लग्नाआधीचं नाव हवंच. कुसुमावती देशपांड्यांच्या आधीच्या कागदांवर जयवंत असणार, इरावती कर्व्यांच्या आधीच्या कागदांवर करमरकर. लग्नानंतर नाव बदललेल्या कितीतरी हुशार मुलींचे पहिले लेख कॉलेजच्या वार्षिकांत बेवारशी पडलेले आहेत, कारण सूची करणाऱ्याने फक्त सासरचं आडनाव शोधलं.

गावं एका जागी राहत नाहीत, म्हणजे राज्यं राहत नाहीत. जुन्या पोथ्यांचे आणि मुद्रणाचे संशोधक अ. का. प्रियोळकर १८९५ साली गोव्यात प्रियोळला जन्मले, तेव्हा तिथे पोर्तुगीज अंमल. १९५१ ला ते कारवारच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तेव्हा कारवार मुंबई राज्यात. १९७३ ला ते वारले तोवर दोन्हीकडचा नकाशा बदललेला होता. "कर्नाटकातल्या कारवारला" असं लिहिलं की त्या अध्यक्षपदाचा अर्थच पुसला जातो. प्रियोळकरांची कार्डं सालवार लावली तर दिसतं की रघुनाथ पंडितांच्या दमयंती स्वयंवराची चिकित्सक (पोथ्या ताडून केलेली) आवृत्ती १९३५ ची, भारतातल्या मुद्रणाच्या आरंभावरचं इंग्रजी पुस्तक १९५८ चं आणि गोव्याच्या इन्क्विझिशनवरचं (चर्चच्या धर्मन्यायालयावरचं) १९६१ चं. छापखाना गोव्यात आला १५५६ ला. पोथीच्या पाठांपासून छापखान्याच्या खिळ्यांपर्यंतची ही वाट गोव्यावरूनच जाते, हे नकाशा आणि सूची शेजारी ठेवल्यावर दिसतं. त्यासाठी कुणाची मुलाखत घ्यावी लागत नाही.

माणसांना विचारताना

"सर कसे होते?" हा प्रश्न विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: साधे, निगर्वी, विद्यार्थ्यांवर पुत्रवत प्रेम. वस्तू विचारा. एका सरांच्या पत्नीशी झालेलं माझं बोलणं जसं टिपून ठेवलंय तसं देते.

"काकू, सर लिहायला कुठं बसायचे?"

"कुठं म्हंजे? ह्या पलंगावर. टेबल होतं, पण त्याच्यावर पोरांचा अभ्यास. मांडीवर फळी घ्यायचे. रात्री दहाच्या पुढं दिवा दिसला की मामंजी खोकायचे, मग पहाटे तीनला उठायचे. चहा मलाच."

"आणि पुण्याला प्रेसला जायचं ते कोण लिहून काढायचं?"

"मीच की. ह्यांचं अक्षर खिळे जुळवणाऱ्याला लागायचं न्हाई. दोनदा परत आलं तवा म्हणाले, तू लिही. सातवी शिकलेली मी. पण ते खालचे बारीक बारीक असतात ना, क म्हणतो असं, ख म्हणतो तसं, ते सगळं मीच उतरवलंय."

पाठभेदांची, म्हणजे वेगवेगळ्या पोथ्यांतल्या शब्दांच्या फरकांची, ती सगळी मुद्रणप्रत काकूंच्या हातची निघाली. वळणदार, एकही खाडाखोड नाही. पुस्तकाच्या ऋणनिर्देशात प्रेसचे मालक आहेत, संस्थेचे चिटणीस आहेत, काकू नाहीत. माझ्या नोंदीत आहेत, पूर्ण नावानिशी. तुम्हीही अक्षरं ओळखायला शिका. घरातली वाणसामानाची यादी मागून घ्या आणि मुद्रणप्रतीशी ताडून पाहा.

पोष्टमन, कॉलेजचा शिपाई, ग्रंथालयातला मदतनीस, जुनी पुस्तकं विकणारा, यांना भेटा. विद्यार्थ्यांत जे मोठ्या पदावर गेले ते भाषण देतात. जे शेती करतात ते आठवण सांगतात. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करताना सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने म्हणा, आणि छापायची परवानगी त्यातच विचारून घ्या.

वाद येणारच. संशोधकांची भांडणं शेतीच्या बांधासारखी असतात, वीतभर जागेसाठी पिढ्या जातात. ती वगळायची नाहीत. फक्त समोरच्याचा लेख स्वतः वाचल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही. आपले सर म्हणून आपण त्यांच्या बाजूचे असतोच, म्हणून समोरच्याचं म्हणणं आधी लिहा, शक्य तितकं त्याच्या शब्दांत, दोन्ही लेखांच्या तारखांसह. हयात माणसाविषयी ऐकीव काही असेल तर ते वहीतच राहू दे.

नेमकं केलं काय?

इथे बहुतेक चरित्रं कोसळतात. "प्राचीन मराठी वाङ्मयाच्या क्षेत्रात मोलाची भर घातली." भर म्हणजे काय, किती, कुठे? सरांनी संपादित केलेलं एखादं काव्य घ्या आणि त्याचं एकच पान नीट वाचा. वर संहिता, खाली बारीक टाइपात पाठभेद. क पोथीत हा शब्द, ख मध्ये तो, ग मध्ये ओवीच नाही. आता प्रस्तावनेत बघा: क, ख, ग म्हणजे कुठल्या पोथ्या, कुठल्या गावच्या, कुणी दिल्या, नकलेचा शक काय. मग वर परत या आणि सरांनी संहितेत कुठला शब्द घेतला ते बघा. नक्कल करणारा अवघड शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द घालत जातो, म्हणून जाणता संपादक बऱ्याचदा अवघड शब्दाच्या बाजूने उभा राहतो. सरांनी तसं केलंय की बहुमताने, म्हणजे तीनपैकी दोन पोथ्या म्हणतात म्हणून? दहा ओव्या तपासल्यात की त्यांची रीत कळते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी चालली होती. त्या काळातल्या मराठी संपादकाने ती पद्धत कितपत उचलली, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

एवढं झालं की वाक्य असं लिहिता येतं: "या काव्याची आधीची छापील प्रत एकाच पोथीवरून केली होती. सरांनी आणखी तीन पोथ्या मिळवल्या, सर्वांत जुनी प्रमाण मानली आणि आधी गळलेल्या ओव्या परत संहितेत आणल्या." यात एकही विशेषण नाही आणि सरांचं मोठेपण सगळं आहे. त्यांचं म्हणणं पुढे कुणी खोडलं असेल तर तेही त्याच दमात सांगा. संशोधनात ते अपमानाचं नसतं.

ज्येष्ठ, व्यासंगी, सिद्धहस्त, ऋषितुल्य, अजातशत्रू हे पाच शब्द वापरायचे नाहीत असं मी येणाऱ्याला बजावते. अजातशत्रू तर संशोधक असूच शकत नाही, शोधनिबंध लिहायला घेतला की पहिला शत्रू तयार होतो. "काळाच्या पडद्याआड गेले" हेही नको. वारले, कुठे, कधी.

छापील कोशांचा आधार घेताना त्यांचं स्वतःचं वय बघा. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा अर्वाचीन चरित्रकोश १९४६ चा आहे. तेव्हा तिशीत असलेल्या माणसाविषयी त्यात काय मिळणार? वाईहून निघणाऱ्या मराठी विश्वकोशाच्या जुन्या खंडांत काही जणांच्या जन्मसालापुढे नुसती रेघ आहे, कारण खंड छापला तेव्हा ते हयात होते. मृत्यूलेखांवर विसंबताना तर दुप्पट सावध राहा. रात्री बातमी आली, सकाळी अंक निघाला, मधल्या वेळात उपसंपादकाने कुणाला तरी फोन करून चार ओळी मिळवल्या. वय एक-दोन वर्षांनी इकडेतिकडे, पुस्तकांची नावं अर्धी. घटनेच्या सर्वांत जवळच्या वेळी लिहिला गेलेला कागद सहसा जास्त भरवशाचा, पण मृत्यूलेख हा जन्माच्या जवळचा कागद नव्हे.

लांबी किती, असं सगळे विचारतात. स्मरणिकेला दहा-बारा पानं पुष्कळ झाली, पण लेखनसूची पूर्ण द्या, बारीक टाइपात का होईना. समितीला सूची नको असते, तिला अध्यक्षांचा फोटो हवा असतो. भांडा. चरित्रातलं तुमचं मत उद्या कुणी बदलेल, सूची मात्र वापरली जाईल.

काम संपल्यावर कागद परत द्यायचे आहेत. घरच्यांना ठेवायचे नसतील तर ग्रंथालयाला देण्याविषयी तुम्हीच बोला. फक्त पुस्तकं घेतो, टाचणं नकोत, असं सांगणारी जागा असेल तर दुसरी बघा. देताना खोक्यावार यादी करा, दोन प्रती, दोन्हींवर सह्या. कागद दान दिलेत की ठेव म्हणून, हे पोचपावतीत स्पष्ट लिहून घ्या. ठेव असेल तर नातवंडांना पुढे मागता येतात. खासगी पत्रं असतील तर किती वर्षं उघडायची नाहीत तेही तिथेच नोंदवा. फोटोंचा एक संच घरी, एक गावच्या वाचनालयात. तुम्ही केलेली कार्डंसुद्धा त्या खोक्यांबरोबर ठेवा, अर्धवट राहिलेलीही, आणि जिथे शंका आहे तिथली पेन्सिलीची प्रश्नचिन्हं पुसू नका.